अडगळीतले इंग्रजी शब्द आणि त्यांचा नाद

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मला इंग्रजीतले जुने, विचित्र, कुणाच्या तोंडी नसलेले शब्द जमवायचा नाद आहे. वहीत चारेकशे शब्द झालेत. पण बोलताना वापरले तर लोक हसतात आणि लिहिताना वापरले तर संपादक काढून टाकतात. मग या नादाचं करायचं काय? आणि एखादा शब्द खरा की कुणीतरी रचलेला, हे कसं ओळखायचं? उदाहरणार्थ 'अप्रिसिटी', म्हणजे थंडीतल्या उन्हाची ऊब. असा शब्द खरंच आहे का?"

लोक हसतात ते बरोबरच आहे, मीही हसलो असतो. गेली सव्वीस वर्षं मी कोशाच्या आणि भाषांतरं तपासायच्या कामात आहे. तुमच्यासारखीच एक वही माझ्याकडेही होती, आता तिची चार खोकी झाली आहेत. त्यातले बोलण्यात वापरले असतील ते फार तर पाच-सहा, आणि त्यातल्या एकाने माझी चांगलीच फजिती केली. ती पुढे सांगतो. 'अप्रिसिटी'चा निकालही शेवटी देतो, कारण तो पटायला आधी दुसऱ्या काही शब्दांची ओळख व्हायला हवी.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने साठ-सत्तर दुर्मिळ शब्दांची यादी करून आमच्या ज्येष्ठ संपादकांपुढे ठेवली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्याच शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा कुणी वापरलाय?" मी म्हटलं, "सर, तीन कोशांत आहे." ते म्हणाले, "कोशांत आहे ते मलाही दिसतंय. वापरलाय कुणी?" मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या यादीत अकरा शब्द उरले. तेव्हा राग आला होता, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

कोशात आहे म्हणून शब्द खरा, असं का धरायचं नाही, यासाठी 'डॉर्ड'ची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९३४ साली निघाली. तिच्यात 'डॉर्कोप्सिस' हा कांगारूच्या कुळातला छोटा प्राणी आणि 'डोरे' म्हणजे सोनेरी, या दोन नोंदींच्या मध्ये 'डॉर्ड' बसला होता. अर्थ दिला होता घनता, आणि तोही भौतिकी व रसायनशास्त्रातला म्हणून. झालं होतं असं. रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी ३१ जुलै १९३१ या तारखेची एक चिठ्ठी पाठवली होती: 'डी ऑर डी', म्हणजे मोठ्या लिपीतला डी किंवा छोट्या लिपीतला डी, हे अक्षर घनतेचा संक्षेप म्हणून घ्यावं. चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. मधला 'ऑर' दोन्हीकडच्या 'डी'ला चिकटला आणि शब्द जन्माला आला. पुढच्या माणसांनी त्याला उच्चार दिला, नाम म्हणून व्याकरण दिलं आणि छापून टाकलं. २८ फेब्रुवारी १९३९ रोजी कोशातल्याच एका संपादकाच्या नजरेला आलं की या नोंदीला व्युत्पत्ती नाही. तेव्हा कुठे शोध सुरू झाला. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं एका चिठ्ठीची गफलत जगातल्या एका नामांकित कोशात प्रतिष्ठेने नांदत होती.

अशा शब्दांना 'घोस्ट वर्ड' हे नाव वॉल्टर स्कीट या अभ्यासकाने १८८६ साली दिलं. भुताळी शब्द म्हणू या. स्कीटने दिलेल्या उदाहरणांतलं मला सगळ्यात आवडतं ते 'काइम्स'. १८०८ सालच्या 'एडिंबरा रिव्ह्यू'त हिंदूंच्या देहदंडाच्या व्रतांचं वर्णन आलं होतं आणि त्यात काही जण हातांतून 'काइम्स' आरपार घालतात असं छापलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, पूर्वेकडचं काहीतरी भयंकर हत्यार असणार! मूळ हस्तलिखितात होतं 'नाइव्ह्ज', म्हणजे साध्या सुऱ्या. इंग्रजीत त्याच्या आधी न उच्चारला जाणारा 'के' असतो, पुढच्या अक्षरांच्या उभ्या दांड्या घाईच्या अक्षरात मिसळल्या आणि सुरीचं काइम झालं.

काही भुतं तर मुद्दाम सोडलेली असतात. 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'च्या २००१ च्या आवृत्तीत 'एस्क्विव्हेलियन्स' असा शब्द होता. अर्थ: अंगावरची अधिकृत जबाबदारी जाणूनबुजून टाळणं. हा शब्द संपादकांनीच रचून पेरला होता. दुसऱ्या कुणी कोश जसाच्या तसा उचलला तर हा शब्दही उचलला जाईल आणि चोरी उघडी पडेल, हा हेतू. २००५ साली हे गुपित बाहेर आलं. मला गंमत वाटते ती अर्थाची. मराठीत याला 'अंगचुकारपणा' हा रोजचा, घरगुती शब्द आहे. इंग्रजीत तो पेरायला सापळा लावावा लागला.

तेव्हा खरा-खोटा ओळखायचा तर आधी वापर शोधा. मोठ्या ऑक्सफर्ड कोशात प्रत्येक अर्थाखाली तारखांसकट उतारे असतात. पत्र, नाटक, प्रवचन, वैद्यकाचं पुस्तक, काहीही चालेल, पण माणसाने काहीतरी सांगायच्या ओघात शब्द वापरलेला असला पाहिजे. खालचे सगळे उतारे दुसऱ्या कोशांतलेच असतील, तर एकाने दुसऱ्याचं पाहून उतरवलं एवढंच सिद्ध होतं. मग व्युत्पत्ती पाहा. ती नसेल, किंवा लॅटिन आणि ग्रीकचे तुकडे शाळकरी पद्धतीने जोडलेले असतील, तर सावध व्हा. 'फोबिया'ने संपणाऱ्या लांबलचक याद्या फिरतात ना, त्यातले बरेच शब्द यादी लांबवण्यासाठीच केलेले असतात. लांब शब्दांच्या भीतीला मुद्दाम सगळ्यात लांब नाव देणारा विनोद त्यातलाच. त्यात वेळ घालवू नका.

आता नादाचं काय करायचं ते. शब्दाचा अर्थ वहीत लिहून पान उलटलंत तर चारशे काय, चार हजार शब्दांनीही काही होणार नाही. शब्द कुणी, कुणाला, कशासाठी म्हटला हे हाती लागलं की खरी मजा येते. एक शब्द जरा सोलून दाखवतो.

'अल्ट्राक्रेपिडेरियन'. कोशातला अर्थ: आपल्याला कळत नाही त्या विषयावर मत ठोकणारा. एवढंच वाचलं तर नुसता एक बोजड शब्द. पण प्लिनी या रोमन लेखकाने सांगितलेली एक जुनी गोष्ट त्याच्या पोटात आहे. अपेलीस नावाचा ग्रीक चित्रकार चित्र बाहेर मांडून मागे लपून लोकांचे शेरे ऐकत असे. एका चांभाराने चित्रातल्या चपलेची चूक काढली. अपेलीसने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी त्याच चांभाराला जोर चढला आणि तो पायाच्या ठेवणीवर बोलू लागला. तेव्हा अपेलीस बाहेर येऊन म्हणाला, चांभाराने चपलेच्या वर जाऊ नये. लॅटिनमध्ये 'क्रेपिडा' म्हणजे ती चप्पल, आणि 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी मिळते. खरी मेख पुढे आहे. हा शब्द छापात आणला विल्यम हॅझलिट या निबंधकाराने, १८१९ साली, विल्यम गिफर्ड या समीक्षकाला लिहिलेल्या जाहीर पत्रात. गिफर्ड 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'चा संपादक, आणि त्याने हॅझलिटची पुस्तकं यथेच्छ झोडपलेली. आणि हा गिफर्ड लहानपणी चांभाराकडे उमेदवारी करत होता! म्हणजे हॅझलिटने नुसतं 'तुला कळत नाही' असं म्हटलं नाही, लॅटिनच्या शालीत गुंडाळून जोडाच हाणला. मराठीत 'शालजोडीतला' म्हणतात तो इतका शब्दशः मी दुसरा पाहिलेला नाही. त्यातला जातिवंत उर्मटपणा आज बोचतो, बोचायलाही हवा, गरिबीतून वर आलेल्या माणसाच्या जन्मावर बोट ठेवलं आहे त्यात. पण शब्द ओळखीचा होतो तो असा. आता तुम्ही तो विसरून दाखवा.

'मम्प्सिमस' हाही असाच. चूक दाखवून दिली तरी ती न सोडणारा हट्टी माणूस, किंवा ती चूकच. प्रभुभोजनाच्या लॅटिन प्रार्थनेत 'सुम्प्सिमस' असा शब्द येतो, 'आम्ही ग्रहण केलं' या अर्थाचा. एक धर्मोपदेशक वर्षानुवर्षं तिथे 'मुम्प्सिमस' म्हणत आला. या शब्दाला काहीच अर्थ नाही. कुणीतरी चूक दाखवली, तर तो म्हणाला, तुमच्या नव्या सुम्प्सिमससाठी मी माझा जुना मुम्प्सिमस सोडणार नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्वानांच्या पत्रांतून आणि पुस्तकांतून ही गोष्ट फिरत होती. १५४५ साली आठव्या हेन्रीने पार्लमेंटपुढच्या भाषणात ती वापरली: काही जण आपल्या जुन्या मम्प्सिमसला चिकटून बसलेत, काही जण नव्या सम्प्सिमसमागे धावताहेत. धर्माच्या भांडणात देश फाटत असताना राजाने दोन्ही बाजूंना एकाच वाक्यात हाणलं. आमच्या कामाच्या ठिकाणी हा शब्द मी चक्क वापरतो. प्रूफ तपासताना 'तज्ञ' की 'तज्ज्ञ' यावर दर दोन महिन्यांनी वाद होतो, तेव्हा उपयोगी पडतो.

मराठी माणसाला या छंदात एक जादा सोय आहे आणि तिचा फायदा बहुतेक जण घेत नाहीत. इंग्रजी, लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे परका वाटणारा शब्द उलगडला की आत आपलंच कुणीतरी बसलेलं निघतं. 'हॉरिपिलेशन' घ्या. अर्थ, अंगावर काटा येणं. लॅटिन 'होरेरे' म्हणजे केस ताठ उभे राहणं आणि 'पिलुस' म्हणजे केस. हा 'होरेरे' आणि संस्कृतातला 'हृष्' धातू एकाच मूळ धातूपासून आले आहेत. म्हणजे इंग्रजीतला 'हॉरर' आणि आपला 'हर्ष' ही भावंडं! हर्षाचाही मूळ अर्थ केस उभे राहणं. आनंदाने की भीतीने, हे नंतर ठरलं. लॅटिनवाले भीतीकडे गेले, आपण आनंदाकडे. पण 'रोमहर्ष' या जोडशब्दात जुना अर्थ शिल्लक राहिला. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन 'रोमहर्षश्च जायते' म्हणतो तेव्हा त्याला कसलाही आनंद झालेला नसतो, हातातून गांडीव गळत असतं. आणि आज आपण 'रोमहर्षक सामना' म्हणतो. 'हॉरिपिलेशन' आणि 'रोमहर्ष' यांत अर्थाच्या दृष्टीने तसूभर फरक नाही. हे मला समजलं त्या दिवशी मी दुपारचं काम बाजूला ठेवलं होतं.

'सिझिजी'ही तसाच: सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येणं, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा दोन्ही. इंग्रजी लिपीत लिहिला तर त्यात तीन वेळा 'वाय' येतो, म्हणून शब्दकोडीवाल्यांचा लाडका. ग्रीक 'झुगॉन' म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. संस्कृत 'युग', मराठी 'जू', इंग्रजी 'योक', सगळं एकच घर.

दुसरी सोय अशी की मराठीशी ताडून पाहिलं की दुर्मिळपणाचा तोरा उतरतो. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या पाद्र्याने १६४७ साली एका पुस्तकात बायकांच्या नटण्याची टिंगल केली. राणी या आठवड्यात काय नेसली, दरबारातली 'न्यूडियस्टर्शियन' फॅशन कोणती, असं विचारत हिंडतात म्हणे. हा शब्द लॅटिनमधल्या 'आजचा तिसरा दिवस' या वाक्प्रयोगापासून केलेला. अर्थ? परवाचा. बस, एवढंच. 'परवाची फॅशन'. त्याच्या आधी १५३५ च्या बायबलच्या भाषांतरात येणाऱ्या परवासाठी 'ओव्हरमॉरो' असा सरळ शब्द आला होता, तोही टिकला नाही. आपल्याकडे गेलेला परवा आणि येणारा परवा एकाच शब्दात भागतो, वर तेरवाही आहे.

'गाउपन' म्हणजे दोन्ही हात जोडून होणारी पोकळी, आणि तिच्यात मावेल तेवढं. हा आपला 'ओंजळ'. स्कॉटलंडमध्ये शेतकऱ्यांवर ठरावीक गिरणीतच धान्य दळून घ्यायची सक्ती असे आणि त्या दळणातून गिरणीच्या नोकराला हक्काचं मिळणारं ओंजळभर पीठ, त्यालाही गाउपनच म्हणत. लंडनमधल्या माणसाला हा शब्द कोड्यात टाकेल, पण स्कॉट बोलीत तो परका नाही. म्हणून कुठल्याही शब्दापुढे 'दुर्मिळ' लिहिताना कुणासाठी दुर्मिळ तेही लिहावं. 'गाँगूझलर' हा १९०४ सालच्या कालव्यांविषयीच्या एका मार्गदर्शक पुस्तकात शब्दार्थांच्या यादीत येतो: काठावर उभा राहून होड्यांची ये-जा नुसती बघत राहणारा रिकामटेकडा. आपण त्याला 'बघ्या' म्हणून मोकळे होतो, आणि बघायला कालवा लागतो असंही नाही.

शाळेत समूहदर्शक शब्द पाठ केले होते ना, चोरांची टोळी, पक्ष्यांचा थवा, लाकडांची मोळी? इंग्रजीत अशा शब्दांची एक प्रसिद्ध यादी १४८६ सालच्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'मध्ये आहे. शिकारीच्या शौकिनांसाठी केलेलं पुस्तक, पण यादीत प्राण्यांबरोबर माणसंही येतात. जोगिणींचा 'अतिरेक', मुलग्यांचा 'लाजरेपणा', बायकांचा 'अधीरपणा'. तेव्हाही ही थट्टाच होती. त्यामुळे आज कुणी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की अमुक पक्ष्यांच्या थव्याला इंग्रजीत तमुकच म्हणायला हवं, तर हसून सोडून द्या.

एक धोका मात्र खरा आहे. जेम्स मरे यांनी ऑक्सफर्ड कोशाची सूत्रं हाती घेतली तेव्हा, १८७९ साली, वाचकांना जाहीर आवाहन केलं: पुस्तकं वाचा, आणि दुर्मिळ, जुना, नवा किंवा वेगळ्या तऱ्हेने वापरलेला शब्द दिसला की चिठ्ठीवर उताऱ्यासकट लिहून पाठवा. लोकांनी मनापासून ऐकलं. इतकं की 'अब्यूजन' या अडगळीतल्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या जमल्या आणि 'अब्यूज' या रोजच्या शब्दाच्या पाचही नाहीत. विचित्र शब्द डोळ्यात भरतो, साधा नजरेखालून निसटतो. मग मरे आणि त्यांच्या मदतनिसांना साध्या शब्दांचे दाखले तासन् तास खपून स्वतः शोधावे लागले. १९२८ साली पुरा झालेल्या त्या कोशात ४,१४,८२५ शब्द आहेत आणि त्यांच्या घामाचा मोठा वाटा साध्यासुध्या शब्दांनी घेतला. मी स्वतः हीच चूक दहा वर्षं केली. माझ्या खोक्यांत 'सुसरस' म्हणजे कुजबुज, सळसळ, याचे सात उतारे होते, आणि 'व्हिस्पर'चा एकही नाही. कुणी विचारलं असतं की 'व्हिस्पर' झाडांसाठी केव्हापासून वापरतात, तर मी गप्पच बसलो असतो.

आणि आज विचित्र वाटणारा शब्द उद्या विचित्र राहीलच असं नाही. थॉमस विल्सन याने १५५३ साली लॅटिनाळलेल्या इंग्रजीची चेष्टा करायला एक बनावट पत्र रचलं. शिकलेले लोक शाईच्या दौतीतून उपसून जे शब्द लिहितात त्यांना तेव्हा 'इंकहॉर्न' शब्द म्हणत. या पत्रात त्याने, वाचणाऱ्याला हसू यावं म्हणून, असे शब्द खच्चून भरले. त्यातला 'प्रचंड' या अर्थाचा 'इन्जेंट' खरोखरच मेला. पण त्याच पत्रात टिंगलीसाठी घातलेले आणखी काही शब्द पाहा: 'सेलिब्रेट', 'डेक्स्टेरिटी' म्हणजे हातोटी, 'मंडेन' म्हणजे ऐहिक. आज यांना कोण हसेल? 'सेलिब्रेट' तर मराठी घरांत सर्रास बोलला जातो.

त्याच काळात जॉन चीक नावाचा विद्वान उलट टोकाला होता. त्याला सगळं अस्सल इंग्रजी हवं होतं. बायबलच्या भाषांतरात त्याने 'ल्युनॅटिक'ऐवजी 'मून्ड', म्हणजे जणू 'चंद्रावलेला', आणि शंभर शिपायांवरच्या 'सेंच्युरियन'साठी 'हंड्रेडर' असे शब्द घडवले. सुरेख आहेत, आणि एकही चालला नाही. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात 'सेरेंडिपिटी' घडवला, म्हणजे न शोधता अवचित काही चांगलं हाती लागणं. तो बराच काळ मोजक्या पुस्तकी लोकांपुरता राहिला आणि विसाव्या शतकात एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. कुठला शब्द जगेल याचं भाकीत मी कधीच करत नाही, चुकलेली भाकितं पुष्कळ पाहिली आहेत.

लांबलचक शब्दांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. 'न्यूमोनो'ने सुरू होणारा ४५ अक्षरांचा शब्द १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने लांबीसाठीच केला. मला त्याचा कंटाळा आहे. अपवाद 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन'चा. २९ अक्षरं. शाळेच्या लॅटिन व्याकरणात 'कवडीमोल' या अर्थाचे चार शब्द एका ओळीत येत: लोकरीची कुसळी, फोलपट, शून्य, केस. कुणा खोडकर पोराने ते एकत्र शिवून टाकले असावेत असं वाटतं. कवी विल्यम शेन्स्टोनने १७४१ च्या पत्रात एका मित्राविषयी लिहिलं की पैशाला कस्पटासमान लेखण्याच्या त्याच्या वृत्तीमुळेच तो मला आवडला, आणि 'कस्पटासमान लेखण्या'साठी हा शब्द वापरला. या राक्षसाला निदान एक चांगलं वाक्य मिळालं.

आता फजिती. एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या निरोपसमारंभात इंग्रजीतून चार शब्द बोलायचे होते. मी त्यांच्या हस्ताक्षराच्या 'पल्क्रिट्यूड'चं कौतुक केलं. अर्थ सौंदर्य. सभा शांत. नंतर चहाच्या वेळी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, माझं अक्षर एवढं वाईट होतं, तर आधी का नाही सांगितलंस?" त्यांचं काय चुकलं? शब्दाचा नादच एखाद्या त्वचारोगासारखा आहे. तेव्हापासून बोलण्यात शब्द आणायचा तर ऐकणाऱ्याला तो नादावरून किंवा संदर्भावरून सहज कळेल असाच आणतो. 'बोर्बोरिग्मस' चालतो, कारण पोटातली गुडगुड त्यात ऐकू येते. लिहिताना संपादकाने काढला तर शंभरातल्या नव्वद वेळा त्याचं बरोबर असतं, तो तुमच्या वाचकाच्या बाजूने उभा असतो. उरलेल्या दहा वेळा भांडा.

वहीची रीत बदलून बघा. एका कार्डावर एकच शब्द. खाली ज्या माणसाने तो वापरला त्याचं पूर्ण वाक्य, साल आणि त्याने ते कुणाला उद्देशून लिहिलं ते. त्याखाली मराठी. मराठी शब्द पटकन सुचला तर उत्तम, आणि तासभर सुचला नाही तर त्याहून उत्तम, कारण मग ते कार्ड खिशात घेऊन तुम्ही दोन दिवस फिराल. 'पँडिक्युलेशन' म्हणजे आळोखेपिळोखे, हे मला एका मांजराकडे बघताना सुचलं होतं, टेबलाशी बसून नव्हे. तुमच्या चारशे शब्दांतले दीडशे तरी वाक्य न सापडल्यामुळे गळतील. गळू द्या, पण फेकू नका. ते वेगळ्या खोक्यात ठेवा. माझं सगळ्यात लाडकं खोकं तेच आहे, 'डॉर्ड' आणि 'काइम्स' तिथेच राहतात.

आणि 'अप्रिसिटी' तूर्तास त्याच खोक्यात जाईल. हेन्री कॉकरम याने १६२३ साली कठीण शब्दांचा एक छोटा कोश काढला, त्यात हा शब्द आहे: हिवाळ्यातल्या सूर्याची ऊब. लॅटिन 'अप्रिकुस' म्हणजे उन्हातला, तेव्हा व्युत्पत्ती चोख आहे, डॉर्डसारखी लबाडी नाही. पण कॉकरमच्या पुस्तकाचा एक भाग साध्या शब्दांना भारदस्त पर्याय पुरवण्यासाठीच होता, म्हणजे दौतीतले शब्द हा त्याचा धंदाच. त्याच्यानंतर हा शब्द एका कोशातून दुसऱ्या कोशात गेला, वाक्यात फारसा आला नाही. अलीकडे हिवाळा आला की लोक तो एकमेकांना हौसेने पाठवतात, आणि चारशे वर्षांत जेवढा वापरला गेला नसेल तेवढा आता वापरला जातोय. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी मला कदाचित त्याचं कार्ड दुसऱ्या खोक्यात हलवावं लागेल.

त्याचा भाऊ मात्र आताच हलवा: 'अप्रिकेट', क्रियापद. सतराव्या शतकात जॉन ऑब्री या चरित्रकाराने एका बड्या माणसाबद्दल लिहिताना तो वापरला आहे, तो गृहस्थ अमुक जागी अप्रिकेट करायला आणि चिंतन करायला येत असे म्हणून. म्हणजे माणूस आहे, जागा आहे, वाक्य आहे. कार्डावर मराठी लिहा: ऊन खात बसणे.